मंदीतला रुग्ण : ग्रीसची दहा वर्षे

मंदी आली म्हणून देशातली माणसे कमी आजारी पडत नाहीत. कमी होतो तो त्यांच्या उपचारासाठी हाताशी असलेला पैसा. हा पैसा तीन ठिकाणांहून येतो : सरकारी तिजोरीतून, पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्याच्या हप्त्यांतून आणि रुग्णाच्या स्वतःच्या खिशातून. मंदीत तिन्हीकडे एकदमच ओढाताण सुरू होते. कराचे उत्पन्न घटते, नोकऱ्या गेल्या की हप्ते थांबतात, आणि घरात पैसा नसला की माणूस दुखणे अंगावर काढू लागतो. नेमक्या त्याच वेळी सरकारी रुग्णालयातली गर्दी मात्र वाढते, कारण कालपर्यंत खाजगी डॉक्टरकडे जाणारा मध्यमवर्गीय आता सरकारी रांगेत येऊन उभा राहतो. रुग्ण वाढलेले आणि पैसा आटलेला, अशा कोंडीत सरकार कोणता मार्ग धरते यावर पुढचे बरेच काही ठरते. ग्रीसने 2010 नंतर आरोग्यावरचा खर्च कापला, आणि तोही अतिशय वेगाने. मंदी आणि कपात एकत्र आल्या की रुग्णाचे काय होते, हे ग्रीसमध्ये जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

ऑक्टोबर 2009 मध्ये निवडून आलेल्या जॉर्ज पापान्द्रेऊ यांच्या सरकारने जाहीर केले की अर्थसंकल्पातली खरी तूट आधी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. अंतिम हिशेबात 2009 ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 15 टक्क्यांवर निघाली. ग्रीसच्या कर्जावरचे व्याज भडकले आणि सरकारला नवे कर्ज उभे करणे अशक्य झाले. मे 2010 मध्ये युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या त्रिकुटाने 110 अब्ज युरोंचे कर्ज देऊ केले आणि त्याबरोबर खर्चकपातीच्या अटींचा करार आला. आरोग्यावरचा सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, ही त्यातली एक अट.

सहा टक्के हा आकडा ऐकायला वावगा वाटत नाही. पण पुढच्या काही वर्षांत ग्रीसचे राष्ट्रीय उत्पन्नच सुमारे एक चतुर्थांशाने घटले. उत्पन्न जितके खाली जाईल तितकी खर्चाची मर्यादाही खाली सरकत गेली. 2013 मध्ये बेरोजगारी 27 टक्क्यांवर पोहोचली, म्हणजे काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांतल्या एकाहून अधिकाला काम नव्हते. लोकांना सरकारी आधाराची गरज सर्वांत जास्त असताना, करारानुसार तो आधार सर्वांत कमी व्हायचा होता. या कराराचा मूळ दोष हाच म्हणावा लागेल.

ग्रीसची आरोग्यव्यवस्था त्याआधी फार चांगली होती, असे मात्र नाही. 1983 मध्ये राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा स्थापन झाली, तरी नोकरदार, शेतकरी, सरकारी कर्मचारी, छोटे व्यावसायिक अशा प्रत्येक वर्गाचे वेगळे विमा फंड होते आणि प्रत्येकाच्या सोयी वेगळ्या. डॉक्टरांची संख्या लोकसंख्येच्या मानाने युरोपात सर्वाधिक असलेल्यांपैकी, पण परिचारिका अगदी कमी. फॅमिली डॉक्टरची पद्धत रुजलेलीच नव्हती. शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळावी म्हणून सर्जनच्या हातात पैशांचे पाकीट सरकवण्याची चाल इतकी सर्रास होती की तिला ‘फाकेलाकी’ असे नावच पडले होते. औषधांवरचा सरकारी खर्च दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाला होता आणि कोणता डॉक्टर किती व काय लिहून देतो याची नीट नोंदही नव्हती.

कपातीचे समर्थक याच गोष्टींकडे बोट दाखवत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. औषधाची चिठ्ठी संगणकावरून देण्याची सक्ती झाली, किमती खाली आणल्या गेल्या, जेनेरिक औषधांचा वापर वाढवण्यात आला. रुग्णालयाबाहेरच्या औषधांवरचा सरकारी खर्च 2009 मध्ये 5 अब्ज युरोंच्या घरात होता, तो 2014 पर्यंत 2 अब्जांवर आला. विखुरलेले विमा फंड एकत्र करून 2011 च्या कायद्याने ‘एओपी’ या संक्षिप्त नावाची एकच राष्ट्रीय संस्था उभी राहिली. हे बदल व्हायलाच हवे होते. अडचण वेगाची होती. उधळपट्टी शोधून ती थांबवायला वर्षे लागतात, कराराला मात्र दर तिमाहीला आकडे हवे होते. आणि आकडे झटपट खाली आणायचे तर सोपी जागा म्हणजे पगार, नोकरभरती आणि रुग्णालयांचे सामान.

2009 ते 2011 या दोन वर्षांत सरकारी रुग्णालयांचे अंदाजपत्रक सुमारे 26 टक्क्यांनी घटले. सरकारी सेवेत पाच जण निवृत्त झाले तर एकाच जागी भरती, असा नियम आला. त्याच सुमारास, 2010 मध्ये, सरकारी रुग्णालयांत भरती होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा 24 टक्क्यांनी वाढली आणि खाजगी रुग्णालयांतली 25 ते 30 टक्क्यांनी कमी झाली. कमी माणसे, कमी सामान आणि जास्त रुग्ण हे गणित वॉर्डात कसे सुटणार? हातमोजे, गॉज यांसारख्या रोजच्या वस्तूंचाही तुटवडा पडू लागला. तरुण डॉक्टर हजारोंच्या संख्येने देश सोडून गेले, त्यांतले बरेच जर्मनीला.

पुरवठादारांची कहाणी त्यांच्यापुरतीच वाटते, पण तिचा फटकाही शेवटी रुग्णालाच बसला. रुग्णालयांनी कंपन्यांचे जुने देणे थकवले होते. 2010 मध्ये सरकारने ही थकबाकी रोख न देता सरकारी रोख्यांच्या रूपाने दिली. मग मार्च 2012 मध्ये ग्रीसच्या कर्जाची पुनर्रचना झाली आणि त्या रोख्यांच्या दर्शनी किमतीतून निम्म्याहून अधिक रक्कम कापली गेली. सामाजिक विमा फंडांची गंगाजळीही सरकारी रोख्यांत गुंतवलेली होती, तिलाही हाच तडाखा बसला. एकदा हात पोळल्यावर काही कंपन्यांनी ग्रीसच्या रुग्णालयांना उधारीवर माल देणे बंद केले.

औषधाच्या दुकानात हेच लहान प्रमाणावर घडले. एरवी विमाधारक रुग्ण चिठ्ठी देई, औषधाच्या किमतीतला आपला थोडा वाटा भरी आणि बाकीची रक्कम दुकानदार विमा संस्थेकडून वसूल करी. संस्थेकडून महिनोन् महिने पैसे येईनात, तेव्हा 2012 मध्ये औषधविक्रेत्यांनी उधारी थांबवली. आता रुग्णाने पूर्ण किंमत रोख मोजायची आणि परताव्यासाठी स्वतः अर्ज करायचा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या पेन्शनराला हे जड जाई, कर्करोगाच्या महागड्या औषधांचा तर प्रश्नच नव्हता. अशा औषधांसाठी संस्थेच्या स्वतःच्या मोजक्या औषधालयांपुढे रांगा लागू लागल्या. शिवाय ग्रीसमधल्या किमती इतक्या खाली आल्या की घाऊक व्यापाऱ्यांना तोच माल युरोपातल्या महागड्या देशांत नेऊन विकणे फायद्याचे ठरू लागले, आणि देशात औषध असूनही ते दुकानात नाही, अशी स्थिती आली.

तरीही या लोकांकडे विमा तरी होता. सर्वांत खोल जखम झाली ती विमाच गेलेल्यांना. ग्रीसमध्ये विम्याचा हक्क नोकरीशी आणि भरलेल्या हप्त्यांशी बांधलेला होता. विमाधारकाजवळ आरोग्य पुस्तिका असे आणि हप्ते भरले असतील तरच तिच्यावर नव्या मुदतीचा शिक्का पडे. नोकरी सुटली की बेरोजगार भत्ता फार तर वर्षभर मिळे आणि त्यानंतर काही काळाने विम्याचा हक्कही संपे. छोटा दुकानदार, रंगारी, प्लंबर यांचे हाल वेगळेच. त्यांना भत्ताही फारसा नव्हता, धंदा बसला की हप्ता थकत असे आणि हप्ता थकला की पुस्तिकेवर शिक्का मिळत नसे. बायकामुलांचा विमा बहुधा घरातल्या कमावत्याच्याच नावावर चाले, त्यामुळे एका माणसाचे काम गेले की सारे घर उघडे पडे. 2010 नंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे 20 ते 25 लाख माणसे विम्याबाहेर फेकली गेली. सुमारे 1 कोटी 10 लाख लोकसंख्येच्या देशात हा आकडा भयंकर आहे.

विमा नसलेल्याला अपघात किंवा हृदयविकाराचा झटका यांसाठी रुग्णालय दाखल करून घेई. पण नंतर बिल येई, ते न भरल्यास रक्कम कर खात्याकडे वसुलीसाठी जाई आणि थकीत कर म्हणून माणसाच्या नावावर चढे. मधुमेह, बाळंतपणाआधीच्या तपासण्या, स्तनातली गाठ, केमोथेरपी, म्हणजे ज्यात वेळेवर आणि नियमाने उपचार लागतात असे सारे, मात्र बाहेरच राहिले. सरकारने 2013 मध्ये विमा नसलेल्यांसाठी मोजक्या डॉक्टरभेटींची कुपने काढली, ती फारच थोड्यांपर्यंत पोहोचली. 2014 मध्ये रुग्णालयात भरतीचा हक्क दिला, पण त्याआधी तीन सदस्यांच्या समितीची मान्यता लागे. आजारी आणि कफल्लक माणसाला समितीपुढे उभे करणारी सवलत बहुतेक वेळा कागदावरच राहते.

कपातीच्या काळात सरकारांना सुचणारा आणखी एक उपाय म्हणजे रुग्णाकडून शुल्क घेणे. ग्रीसमध्ये 2011 मध्ये सरकारी बाह्यरुग्ण विभागाचे शुल्क 3 युरोंवरून 5 युरो झाले. जानेवारी 2014 मध्ये रुग्णालयात भरती होण्यासाठी 25 युरो लावले गेले, पण लोक इतके संतापले की ते लगेच मागे घ्यावे लागले. प्रत्येक चिठ्ठीमागे 1 युरो मात्र चालू झाला. शुल्काच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा की फुकट असले की लोक उगाच गर्दी करतात. 1970 च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेने हजारो कुटुंबांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात याची तपासणी झाली होती. शुल्क लावले की डॉक्टरकडे जाणे कमी होते, हे खरे ठरले. पण अनावश्यक भेटी जितक्या कमी झाल्या तितक्याच आवश्यक भेटीही कमी झाल्या. छातीतली कळ साध्या पित्ताची की हृदयाची, हे रुग्णाला घरी बसून कळत नाही, आणि त्याच्यावरच हा निवाडा सोपवणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रातही सरकारी रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क घेतले जात होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ते 15 ऑगस्ट 2023 पासून बंद झाले.

सरकार जिथून मागे हटले तिथे ग्रीसमध्ये शेजारीपाजारी पुढे आले. अथेन्सच्या जुन्या विमानतळाजवळ, एलिनिको भागात, डिसेंबर 2011 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ योर्गोस विखास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अमेरिकी लष्करी तळाच्या आवारातल्या एका इमारतीत मोफत दवाखाना सुरू केला. तिथे येणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना किंवा नोंदी ठेवणाऱ्यांना एक पैसाही मिळत नसे आणि दवाखाना कोणाकडून रोख देणगीही घेत नसे. लोक घरात उरलेली औषधे, बाळाचे दूध, डायपर आणून देत, आणि स्वयंसेवक मुदत तपासून ते कपाटात लावत. असे डझनांनी दवाखाने देशभर उभे राहिले. ही माणुसकी मोलाची होती यात शंकाच नाही. पण स्वयंसेवकांच्या दवाखान्यात केमोथेरपी देता येत नाही आणि शस्त्रक्रियाही करता येत नाही. एलिनिकोच्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते. 2015 मध्ये युरोपीय संसदेने त्यांना नागरिक पुरस्कार देऊ केला, तेव्हा ज्या धोरणांमुळे हा दवाखाना काढावा लागला ती राबवणाऱ्यांकडून सन्मान नको, अशा भूमिकेतून त्यांनी तो नाकारला.

कपातीत सर्वांत आधी बळी जाते ते रोगप्रतिबंधाचे काम, कारण ते थांबले तर उद्या सकाळी कोणी तक्रार करत नाही. अथेन्समध्ये शिरेतून अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचे निदान 2010 पर्यंत वर्षाला दहा-वीस जणांत होत असे. 2011 मध्ये हा आकडा अडीचशेच्या वर गेला आणि 2012 मध्ये पाचशेच्या आसपास. स्वच्छ सुया वाटण्याचे काम ग्रीसमध्ये आधीपासूनच तोकडे होते, पैशाअभावी रस्त्यावर जाऊन काम करणारे गट आणखी कमी झाले, आणि बेघर होणाऱ्यांची संख्या वाढत होती. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर साथ पसरायला वेळ लागला नाही. ऑगस्ट 2012 मध्ये ‘अ‍ॅरिस्टॉटल’ हा कार्यक्रम सुरू झाला. दीड वर्षाच्या आत तीन हजारांहून अधिक जणांना शोधून तपासले गेले, उपचारांशी जोडले गेले, सुया आणि व्यसनावरचे पर्यायी औषधोपचार वाढवले गेले, आणि नवे संसर्ग झपाट्याने खाली आले. म्हणजे साथ थांबवता येत होती. पण तोवर शेकडो माणसांना जन्मभराचे औषध लागले होते, आणि एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधाच्या पैशांत सुयांचा केवढा तरी साठा आला असता.

दक्षिणेला स्पार्टाजवळ एव्रोतास नदीच्या खोऱ्यात मलेरिया परतला. ग्रीस 1974 पासून मलेरियामुक्त होता. 2011 मध्ये देशातल्या देशात लागण झालेले 42 रुग्ण सापडले, त्यांतले बहुतेक या खोऱ्यातले. संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागांत राबणारे पाकिस्तान-अफगाणिस्तानकडचे मजूर दाटीवाटीच्या खोल्यांत राहत आणि बहुतेकांना डॉक्टरकडे जाण्याचा हक्कच नव्हता. अंगात मलेरियाचा जंतू असलेला माणूस उपचाराविना राहिला की डास तो जंतू शेजारच्या घरात नेतो, मग त्या घरातल्या माणसाकडे विमा असो वा नसो. पुढच्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांनी खोलीखोलीत जाऊन ताप तपासायला, रक्ताचे नमुने घ्यायला आणि औषध द्यायला सुरुवात केली, युरोपीय निधीही मिळाला, आणि दोन वर्षांत साथ आटोक्यात आली.

या साऱ्याचा मृत्यूंवर काय परिणाम झाला, हे सांगताना जपून बोलावे लागते. मंदीत सगळेच मृत्यू वाढतात असे नाही. क्रिस्टोफर रूम या अर्थतज्ज्ञांनी 2000 मध्ये दाखवले की अमेरिकेतल्या राज्यांत बेरोजगारी वाढली की एकूण मृत्युदर किंचित घटत असे. ग्रीसमध्येही लोकांनी गाड्या कमी चालवल्या. रस्ते अपघातांतले बळी 2009 मधल्या सुमारे 1450 वरून 2014 मध्ये सुमारे 800 वर आले. आत्महत्यांचे प्रमाण मात्र वाढले. ते आधी युरोपात सर्वांत कमी असलेल्यांपैकी होते, त्यामुळे वाढ होऊनही इतर देशांच्या तुलनेत कमीच राहिले. अर्भकमृत्यूचा दर दर हजार जन्मांमागे 2008 मध्ये 2.7 होता, तो 2010 मध्ये 3.8 झाला. लहान देशात असे आकडे वर्षागणिक थोडे खालीवर होतात, पण अनेक दशके सतत घटत आलेला दर नेमका याच वेळी उलटला, ही गोष्ट हलकी नाही.

उपचार मिळण्या-न मिळण्याचे चित्र मात्र अगदी स्पष्ट आहे. युरोपीय संघ दरवर्षी घरोघर विचारतो की डॉक्टरची गरज असूनही पैशाअभावी जाता आले नाही, असे कधी झाले का. ग्रीसमध्ये ‘हो’ म्हणणारे 2009 मध्ये सुमारे 4 टक्के होते, 2016 मध्ये 12 टक्के झाले. सर्वांत गरीब घरांत हे प्रमाण याहून कितीतरी जास्त होते.

हे अटळ होते का? त्याच मंदीत इतर देश वेगळे वागले. एस्टोनियाच्या आरोग्य विमा फंडाने चांगल्या वर्षांत राखीव निधी साठवला होता, 2009 मध्ये हप्ते घटले तेव्हा तो वापरून धक्का सौम्य केला. लिथुआनियात मुले, वृद्ध, बेरोजगार यांच्या वतीने सरकार विमा फंडात पैसे भरते आणि ती रक्कम दोन वर्षांपूर्वीच्या सरासरी पगारावर ठरत असे. त्यामुळे पगार कोसळले तरी फंडात येणारा सरकारी पैसा त्याच वर्षी कोसळला नाही. पोर्तुगालवरही त्रिकुटाच्याच अटी होत्या. तिथे 2012 मध्ये शुल्क वाढवले, पण कमी उत्पन्नाच्या लोकांना माफीही वाढवली. स्पेनने एप्रिल 2012 च्या वटहुकमाने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित प्रौढांचा आरोग्यसेवेचा हक्क काढून घेतला. अनेक प्रांतांनी तो मानला नाही आणि 2018 मध्ये हक्क परत द्यावा लागला. पैशाची तंगी सगळीकडे होती. ती कोणी सोसायची, हे प्रत्येक देशाने स्वतःच्या नियमांनी ठरवले.

ग्रीसने 2016 मध्ये नियम बदलला. नव्या कायद्याने विमा नसलेल्या माणसालाही केवळ सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या आधारे सरकारी रुग्णालयात उपचार आणि औषधे मिळू लागली. समिती गेली, शिक्का गेला. हे घडले तेव्हा देश अजून कर्जाच्या अटींखालीच होता, म्हणजे हा दरवाजा सहा वर्षे बंद ठेवण्यामागे केवळ पैशाचा अभाव नव्हता. ऑगस्ट 2018 मध्ये शेवटचा कर्ज कार्यक्रम संपला. पण रुग्णाच्या खिशावर टाकलेले ओझे कार्यक्रमाबरोबर उतरले नाही. 2019 मध्ये ग्रीसमध्ये आरोग्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक 100 युरोंपैकी सुमारे 35 रुग्ण स्वतःच्या खिशातून देत होते, युरोपीय संघाची सरासरी 15 होती.